त्या बुधवारी मी न बोललेलं वाक्य

गिरणवाल्या आक्काची गोष्ट तुम्हां दोघा नातवंडांना पाठ आहे. मागच्या सुट्टीत परदेशातून इकडं आला होतात तेव्हा जेवताना ती मला तीनदा सांगायला लावलीत. युरोपात जमिनीखाली शास्त्रज्ञ एक प्रचंड यंत्र सुरू करणार होते, त्यातून पृथ्वीला गिळणारं कृष्णविवर निघेल अशी टीव्हीवर बोंब उठली होती, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरण चालवणाऱ्या आक्कानं त्या दिवशी गिरण बंद ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यांची ही रांग. कुणीतरी विचारलं, "काय आक्का, बुडालं न्हाय की जग?" ती पट्टा चढवत म्हणाली, "न्हाय बुडालं तर खायाला लागतंयच की. ठेव डबा."

इथं तुम्ही हसता. मी गोष्ट इथंच संपवते, म्हणून हसता.

थोरलीनं आठ दिवसांपूर्वी कळवलं की विज्ञानाची लोकांना वाटणारी भीती या विषयावर तिला शाळेत मोठा निबंध लिहायचा आहे आणि त्यात ती ही गोष्ट घालणार आहे. 'भारतातल्या एका अशिक्षित बाईची गोष्ट' असं तिनं लिहिलं होतं. ते शब्द तिनं माझ्याकडूनच उचलले आहेत. इतकी वर्षं गोष्ट सांगताना मीच ते वापरत आले. म्हणून आता गोष्टीचा राहिलेला भाग लिहिते. तुमचा बाबा, म्हणजे माझा मुलगा, तुम्हांला वाचून दाखवेल. त्यात तोही आहे, पण त्यानं काही गाळू नये.

मी बेळगावात मुलींच्या हायस्कुलात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. घर तेव्हाही इथंच, हिंडलग्याच्या बाजूला. आजूबाजूला शेतकऱ्यांची घरं, त्यांतली पोरं शहरात नोकरीला. गल्लीत कन्नड कागद वाचणारे चारपाचजण होते, इंग्रजीची मी एकटी. कोर्टाची नोटीस, बँकेचं पत्र, लष्करात असलेल्या मुलाच्या ऑफिसातून आलेला लिफाफा, दवाखान्याचा फॉर्म, सगळे कागद माझ्या ओट्यावर येत. माझी एक पद्धत होती. आधी इंग्रजी वाक्य पूर्ण मोठ्यानं वाचायचं, मग त्याचा मराठीत अर्थ सांगायचा, आणि माझ्या पदरचं एक अक्षर घालायचं नाही. कागदात वाईट असेल तर वाईट, चांगलं असेल तर चांगलं. लोक म्हणत, बाई सांगतील ते कागदातलंच. याचा मला अभिमान होता.

ते गणपतीचे दिवस होते. आठवडाभर मराठी चॅनेल आणि कन्नड चॅनेल, दोन्हींवर एकच चित्र: निळी पृथ्वी, मध्ये काळं भोक, आणि पृथ्वी त्यात पाण्यासारखी ओढली जाते. खाली तारीख आणि वेळ. बुधवार, आपल्याकडची दुपार. पोरं शाळेत रडत होती. कुणी म्हणत होतं त्यातून फुकट वीज मिळणार, कुणी म्हणत होतं कॅन्सरचं औषध मिळणार, आणि पलीकडच्या घरातल्या म्हातारीला कुणीतरी सांगितलं होतं की देव सापडणार आहे.

रविवारी मी जोंधळ्याचा डबा घेऊन गिरणीवर गेले. हातात इंग्रजी पेपर होता. रविवारी गिरणीवर सगळ्यांत जास्त गर्दी. मला बघून आक्कानं मोटार बंद केली. चालू गिरण अशी मध्ये बंद केलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

"बाई, टीव्हीवाली नुसती वराडत्यात," ती म्हणाली. "इंग्लिश पेपरात काय हाय ते वाचा. आमाला खरं ते पायजे."

मी खुर्चीवर बसले आणि पद्धतीप्रमाणे वाचायला लागले. सत्तावीस किलोमीटर घेराचा बोगदा आहे. तो दोन देशांच्या सरहद्दीखालून जातो.

"सरहद्दीखालनं व्हय?" जोंधळ्याच्या पोत्यावर बसलेले एक आप्पा म्हणाले. त्यांनी आयुष्यात सीमाप्रश्नाचा एकही मोर्चा चुकवला नव्हता. "मग तितं पाट्या कुठल्या भाषेत लावल्यात म्हणायच्या?"

सगळे हसले. मी पुढं वाचलं. अणूपेक्षा बारीक कण अतिशय वेगानं एकमेकांवर आदळवून जग सुरुवातीला कसं घडलं हे शास्त्रज्ञ शोधणार आहेत. प्रयोग थांबवावा म्हणून काही लोक कोर्टात गेले आहेत.

"मग सुटलो!" आप्पा मांडीवर हात मारून म्हणाले. "कोर्टात हाय न्हवं? काय व्हत न्हाय. आपली केस बघा की. तारीख पडंल."

"तुमचं आपलं कायतरीच, आप्पा," एक बाई म्हणाली. "कायतरी असल्याबिगर कोर्टात कोण जातंय व्हय?"

"असंल तर असंल. पर बुडायचं तर गणपती बसल्यावर बुडूलालंय बघ. शेवटचं मटान बी खायाला मिळना."

आक्का हसली नाही. "म्होरं वाचा बाई," ती म्हणाली.

पुढचं वाक्य धोक्याबद्दल होतं. शास्त्रज्ञांच्या मते धोका इतका कमी आहे की तो धरण्याचं कारण नाही, असं काहीतरी. मी इंग्रजी वाचलं आणि अर्थ सांगितला.

"कमी म्हंजे किती? हाय का न्हाय?"

"जवळजवळ नाहीच."

"जवळजवळ," ती म्हणाली. मग हातावरचं पीठ झटकत, माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "मालकांच्या ऑपरेशनच्या येळंला बी तुमी असंच वाचलतासा."

तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी ऑपरेशनच्या टेबलावरच गेला होता. सही करण्याआधी तो फॉर्म तिनं माझ्याकडं आणला होता, आणि मी वाचून दाखवला होता. धोका अगदी कमी, असंच त्यात होतं. कागद खोटा नव्हता, मीही खोटं सांगितलं नव्हतं. तो कमी धोका नेमका तिच्या घरी आला.

तेव्हा मला हे इतकं सरळ दिसलं नाही. मला फक्त झोंबलं. चार लोकांत तिनं माझ्या वाचनावर बोट ठेवलं असं वाटलं. "मी कागदात आहे ते वाचते. माझं त्यात काही नसतं," असं म्हणून मी पेपरची घडी केली आणि डबा तिथंच ठेवून घरी आले. बातमीचा शेवटचा कॉलम वाचायचा राहिला. एखादा कागद अर्धा वाचून मी उठले असं तोवर कधी झालं नव्हतं.

आता बाबाचा भाग.

सोमवारी संध्याकाळी, तिकडं सकाळ असताना, मी त्याला फोन केला. बुधवारी तो कामासाठी विमानानं दुसऱ्या शहरात जाणार होता. थोरले, तू तेव्हा आईच्या पोटात होतीस. मी हवापाण्याचं बोलले, तुमच्या आईच्या तब्येतीचं विचारलं आणि मग म्हणाले, "परवा विमानात बसू नकोस. घरी थांब."

तो जोरात हसला. "आई! तूसुद्धा?"

"हसू नकोस. एवढं ऐक माझं."

"अगं, तू शिकलेली बाई—"

"मी इंग्रजी शिकवलं, फिजिक्स नाही. तू घरी थांब."

तो थांबला. काम त्यानं फोनवर उरकलं, त्याचं काही अडलं नाही. पुढं तो ही गोष्ट विसरूनही गेला असेल.

तुमचे आजोबा बाजूच्या खोलीत होते. वकिलाचे कान. ते दारात येऊन म्हणाले, "जग बुडणार असेल तर विमानात काय आणि घरात काय?"

"बायकोजवळ असावा, एवढंच," मी म्हणाले. ते चष्मा पुसत आत गेले.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास आक्काची मुलगी आली. ही मुलगी माझ्याकडं इंग्रजीला यायची. नुकतीच फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली होती. घराण्यात कॉलेजात गेलेली पहिलीच. बुधवारी धारवाडला एम.एस्सी.च्या प्रवेशाचं कौन्सेलिंग होतं. यादीत नाव होतं. आपला नंबर पुकारला की ओरिजिनल मार्क्स कार्डं घेऊन स्वतः पुढं जायचं, हजर नसलं तर जागा पुढच्याला. मार्क्स कार्डांची प्लॅस्टिकची फाइल तिच्या हातातच होती. घरी ठेवायची तिला भीती वाटत असावी.

"बाई, आई पाठवायची न्हाय म्हणते," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "उद्या कुणी कुठं जायचं न्हाय, जे व्हायचं ते एका घरात होऊ दे म्हणते."

मी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"उद्या काही व्हायचंच न्हाय, बाई. उद्या टक्करच न्हाय. नुसता कणांचा एक झोत बोगद्यातनं फिरवून बघणार आहेत. पेपरात शेवटी दिलंय. मी आईला सांगितलं, तर म्हणते तू माझी लेक, तू जायला बघतीस म्हणून असं सांगतीस." तिनं दम घेतला. "बाई, तुमचं ऐकंल ती. एकच वाक्य सांगा. 'काही होत न्हाय, पाठव तिला.' एवढंच."

पेपर माझ्यासमोर टेबलावर होता. शेवटचा कॉलम उघडून बघायला दहा सेकंद लागली असती. पण मला दोन गोष्टी एकदम आठवल्या: रविवारचं आक्काचं बोलणं आणि सोमवारचा माझा फोन. मी ते वाक्य सांगितलं असतं आणि पुन्हा काही झालं असतं तर? आणि स्वतःच्या मुलाला घरी बसवून दुसरीला 'पाठव' म्हणायचं कोणत्या तोंडानं? यांतलं खरं कारण कोणतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी मुलीला यांतलं एकही सांगितलं नाही. तिला म्हणाले, "तुमच्या घरातल्या गोष्टीत मी पडणार नाही. आणि कागदाबाहेरचं मी कधी सांगत नाही."

"कागदातच आहे, बाई," ती म्हणाली.

मी पेपरची घडी तशीच ठेवली. ती फाइल छातीशी धरून गेली.

ती फाटकाबाहेर पडल्यावर आजोबा म्हणाले, "मुलाला फोन केलास तेव्हा कोणता कागद बघितला होतास?" पोळ्या करायच्या आहेत म्हणून मी आत गेले.

बुधवारी गिरणीचं शटर खाली होतं. आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो होतो. दुपारी दोनच्या सुमारास पडद्यावर एक ठिपका चमकला आणि एका मोठ्या खोलीतले शास्त्रज्ञ उठून टाळ्या वाजवायला लागले. एवढंच. मी घड्याळाकडं बघितलं. अजूनही ती गाडी करून निघाली असती तर, असा विचार आला. पण धारवाड दोन तासांवर, आणि नावं सकाळपासून पुकारत होते. आजोबांनी टीव्ही बंद केला.

तिची जागा पुढच्या नावाला गेली. पुढच्या वर्षी बघू असं ठरलं, पण पुढच्या वर्षाच्या आत निपाणीचं स्थळ आलं. मुलगा तंबाखूच्या वखारीत कामाला, माणसं चांगली. लग्न झालं, मग बी.एड. झालं. आता ती निपाणीत हायस्कुलात विज्ञान शिकवते, दोन मुलं आहेत. तिचं आयुष्य वाया गेलं असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं तिला आवडणारही नाही. पण ज्या दारातून तिला आत जायचं होतं ते त्या दिवशी उघडं होतं, आणि ती इथं आईशेजारी बसून होती.

आणि मी काय केलं? त्याच आठवड्यात बाबाला फोनवर गिरणीची गोष्ट सांगितली. तो हसला, तेव्हा मला बरं वाटलं. आपण दोघं हसतोय म्हणजे आपण त्या लोकांतले नाही. मग ती पाहुण्यांना सांगितली, शाळेच्या जुन्या मैत्रिणींना सांगितली. प्रत्येक वेळी घासूनपुसून थोडी चांगली केली. धारवाड गाळलं. ऑपरेशनचा फॉर्म गाळला. बाबाचं विमान तर कधीच घातलं नव्हतं. गल्लीतही हळूहळू तेच झालं. 'गिरणवालीनं पोरीची सीट घालवली' असं लोक म्हणत, आणि मी ऐकून घेत असे. इंग्रजी कागद जसाच्या तसा वाचणारी मी, या एका कागदातलं हवं तेवढंच वाचत राहिले.

थोरलीचा निरोप आल्यावर दोन दिवस मी काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, गिरणीवर कुणी नसतं त्या वेळी, गेले. आक्का आता साठीच्या पुढं गेली आहे. मिरची कांडायचं नवीन यंत्र घेतलंय, त्यामुळं तिथं बसलं की शिंका येतात. मी तिला सगळं सांगितलं, ओळीनं, काही न गाळता. मुलीनं मागितलेलं एक वाक्य, मी दिलेलं उत्तर, बाबाला केलेला फोन. आणि ही गोष्ट मी हसण्यासाठी सांगत आले, तेही.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे तुमाला बी भ्या वाटूलालतं," ती म्हणाली.

"हो."

"मग तेवढंच सांगायचं हुतं की मला. 'आक्का, मला बी भ्या वाटतंय' म्हणून. मी कुठं म्हणलतं तुमी जग वाचवा?" ती यंत्राच्या तोंडाशी साचलेली मिरची बोटानं सारत राहिली. "एवढी वरसं मला वाटतंय, मी एकटीच येडी."

"माझं चुकलं, आक्का."

"चुकलंच की."

मी तिच्याकडून दुसरं काही ऐकायला गेले होते, हे मला तेव्हा कळलं. 'जाऊ दे बाई, तुमी तरी काय करणार' असं काहीतरी. ती तसं म्हणाली नाही.

मग तीच बोलली. "पोरगी मला येकदाच म्हणली. लग्नाच्या आदल्या दिशी. 'आई, तू अडाणी हाईस म्हणून माझं असं झालं.' येकदाच म्हणली, परत कवा न्हाय. पर म्हणली." मग तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "मला सांगून काय उपेग, बाई? तिला सांगा. माझ्यासाठनं न्हवं. तिला ठाव पायजे, आई येकटी अडाणी नव्हती म्हणून."

त्याच संध्याकाळी मी निपाणीला फोन केला. शाळा सुटली होती, मागं पोरांचा गोंगाट होता. ती खूश झाली, "बाई, कशा आहात?" म्हणाली. मी सांगायला लागल्यावर गोंगाट कमी होत गेला. ती चालत कुठंतरी लांब जात असावी. सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं,

"ऐकतेस ना?"

"ऐकते." मग म्हणाली, "त्या मंगळवारी तुमच्याकडनं गेल्यावर मी आईला काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, बाईंनीसुद्धा तुझ्यापुढं हात टेकले. मला वाटलं, ती एवढी हट्टी आहे म्हणून तुम्ही बोलायचं टाळलंत. तुमचं असं काही असेल असं माझ्या मनात कधी आलं नाही. तुमच्यावर मी कधी रागावलेच नाही, बाई. सगळा राग तिच्यावर काढला."

"आता माझ्यावर काढ."

"आता काय काढू?" ती म्हणाली. आवाज शांत होता. तो चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "त्या वर्षी मी आईशी चार महिने बोलत नव्हते. एका घरात. ती पुढ्यात ताट ठेवायची आणि मी भिंतीकडं बघत जेवायची. ते चार महिने कसे काढायचे परत?"

मग ती म्हणाली, "बरं, ठेवते बाई," आणि तिनं फोन ठेवला.

ही मागच्या बुधवारची गोष्ट. तिचा पुन्हा फोन आलेला नाही आणि तो यावा असा माझा हक्कही नाही.

पण काल रविवार होता. मी सकाळी दहाला दळण घेऊन गेले तर गिरणीचं शटर अर्धं खाली ओढलेलं. रविवारी, ऐन गर्दीच्या वेळी. बाहेर पाचसहा डबे रांगेत ठेवून लोक परत गेले होते. एक बाई म्हणाली, "निपाणीची लेक आलीया पहिल्या गाडीनं. आक्का म्हणली, आज दळाप न्हाय." शटरच्या खालून दोघींची पावलं दिसत होती, समोरासमोर, आणि बोलण्याचा आवाज येत होता. रडण्याचा की हसण्याचा ते मला बाहेरून कळलं नाही. मुलगी काहीतरी भराभर सांगत होती आणि आक्का मध्येच "आगं, पर मी—" असं म्हणून थांबत होती.

मला आत बोलावलेलं नव्हतं. मी डबा रांगेत ठेवला नाही. तसाच उचलून घरी आले.